विनाकारण पळणारे डोमाजी मास्तर

आमच्या वस्तीत कोणी पळताना दिसलं की लोक एकच विचारायचे, "कोण मेलं गा?" त्यांचंही काही चुकत नव्हतं. सक्करदऱ्याच्या तलावाअलीकडची ही विणकरांची वस्ती. दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला माणूस संध्याकाळी पानठेल्यापर्यंत चालत गेला तरी खूप झालं. तो पळणार कशाला? बैल सुटला, आग लागली, नाहीतर कोणाची वेळ भरली, तरच पळणार. आमचे शेजारी डोमाजी मात्र रोज सकाळी पळायचे आणि त्याला यांतलं एकही कारण नसायचं.

लग्न होऊन मी उमरेडहून इथे आले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी सकाळी सडा टाकताना मी त्यांना पाहिलं. खाकी अर्धी चड्डी, अंगात बंडी, एका हातात चपला आणि दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेला डबा. माझ्या अंगणावरून ते निघून गेले. मी घाबरून सासूबाईंना विचारलं, कोणाचं काय झालं? त्या शांतपणे म्हणाल्या, "काही नाही झालं वं. शेजारचे डोमाजी होत. कचेरीत जाऊन राहिले." मी म्हटलं, उशीर झाला असेल. तर म्हणाल्या, "कायचा उशीर? कचेरी उघडायले लय वेळ आहे अजून."

कचेरी होती सदरला. तेव्हा नागपूर प्रांताची राजधानी होतं, सदरमध्ये कचेऱ्यांचा सुळसुळाट होता आणि त्यांतल्या एकीत डोमाजी चपराशी होते. सक्करदऱ्याहून महाल भागातून बर्डी, बर्डीवरून सदर, एवढं अंतर हा माणूस रोज पळत जायचा आणि पळत यायचा. घरी सायकल होती. ती त्यांची बायको वापरायची, म्हणजे तिच्यावर सुताचे गठ्ठे लादून ढकलत न्यायची.

एकदा बर्डीवर एका नव्या पोलीस शिपायानं त्यांना पाहिलं. हातात गाठोडं, चपला पायात नाहीत, माणूस पळतोय. त्याला दुसरं काय वाटणार? शिपाई ओरडत मागे लागला. डोमाजींना वाटलं, बिचाऱ्याला आपल्यासोबत पळायची हौस आली. तो मागे पडतोय असं दिसल्यावर यांनी त्याच्यासाठी चाल कमी केली, वळून पाहत राहिले आणि त्याला सांगत राहिले, "तोंड बंद ठेवा हवालदारसाहेब, नाकानं श्वास घ्या, नाकानं." शेवटी शिपाई एका वडाखाली बसला तेव्हा हेच परत फिरले, त्याला डब्यातलं ताक पाजलं आणि मग त्यांना कळलं की आपल्याला अटक होत होती. ही गोष्ट ते स्वतःच सांगायचे आणि शेवटी गंभीर होऊन म्हणायचे, पोट्टा चांगला होता पण दम कच्चा होता.

दम हा त्यांचा देव होता. कोणी ताकदीची तारीफ केली की त्यांच्या कपाळावर आठी पडायची. "ताकद पाव्हणी असते बाई," ते मला सांगायचे. मी मुलींच्या शाळेत शिकवायचे म्हणून सारी वस्ती मला बाई म्हणायची. "पाव्हणी येते, बसते, जेवते, निघून जाते. मागची भांडे कोण घासते? घरचा माणूस घासते. दम म्हणजे घरचा माणूस."

मला काही हे पटायचं नाही. मी ताकदीच्या पक्षाची, खोटं कशाला बोलू? माझे वडील उमरेडच्या बाजारात धान्याचं पोतं एका हातानं उचलून गाडीत टाकायचे आणि ते पाहत मी मोठी झाले. डोमाजींच्या बंडीतून बरगड्या दिसायच्या. अशा माणसानं मला ताकद कशी कुचकामी ते समजावून सांगायचं म्हणजे टकल्यानं कंगव्याला नावं ठेवण्यातला प्रकार.

आणि गंमत अशी की त्या घरात ताकद होतीच. ती सकूवहिनींकडे होती. डोमाजींच्या या बायकोसारखी बाई मी पुन्हा पाहिली नाही. उंच, रुंद, आवाज असा की तिनं चुलीजवळून हाक मारली की तलावावर म्हशी मान वर करत. घरचं जातं फिरवायला दोघी बसतात. ती एकटी बसायची आणि ओव्या म्हणायच्या ऐवजी नवऱ्याला बोलत राहायची. नवरा उंबऱ्याशी बसून सूत उकलत ऐकायचा. लोक त्यांच्या जोडीवर हसायचे. ते दोघं लोकांवर हसायचे.

मास्तर हे नाव त्यांना लोकांनी चेष्टेनं दिलं होतं. झालं असं की लढाईच्या काळात मागाचं सूत मिळेना, तेव्हा डोमाजी कामठीच्या छावणीत कामाला गेले. तिथे गोऱ्या सोजिरांच्या बॉक्सिंगच्या मारामाऱ्या चालत. यांचं काम पाण्याची बादली आणि टॉवेल सांभाळायचं. एक दिवस सरावाला कोणी मिळेना म्हणून एका सोजिरानं यांच्याच हातांत हातमोजे चढवले. मार खाऊन खाऊन मार चुकवायला शिकलो, असं ते सांगायचे. स्वातंत्र्य आलं, गोरे गेले. जाताना त्यांनी यांना हातमोज्यांच्या दोन जोड्या दिल्या. आमच्याकडे कोणी देवघरातल्या पितरांच्या टाकांची घेणार नाही एवढी निगा डोमाजी त्या हातमोज्यांची घ्यायचे. शिवण उसवली की मागाच्या सुतानं शिवायचे.

मग त्यांनी वस्तीतल्या पोट्ट्यांना शिकवायला घेतलं. जागा होती पाजणीच्या पटांगणाची. पाजणी म्हणजे विणण्याआधी ताण्याला, म्हणजे उभ्या सुताला, खळ लावायचं काम. पहाटे लांबच लांब ताणा बांबूंवर पसरायचा आणि दोन बाजूंनी दोन माणसांनी मोठा कुंचा फिरवत त्याच्या कडेकडेनं सरकत जायचं. पाऊल आडवं टाकायचं, पण पायात पाय येऊ द्यायचा नाही. तोल गेला आणि ताण्यावर पडलात तर महिन्याची मेहनत गेली. आमची मुलं हे लहानपणापासून करतात. डोमाजींनी हेच हेरलं. ते म्हणायचे, कामठीच्या सोजिराले जे पाऊल शिकायले वर्ष लागलं ते आपल्या पोट्ट्याले बापानं फुकट शिकवलं. ऊन चढलं की पाजणी संपायची, पटांगण रिकामं व्हायचं आणि संध्याकाळी तिथे डोमाजींची शिट्टी वाजायची. पोट्टे आडवे सरकत राहायचे, पुढे कुंचा नाही, ताणा नाही, नुसत्या मुठी. हातमोजे दोनच जोड्या, त्यामुळे बाकीचे हाताला चिंध्या गुंडाळून उभे. ठोसा मारायला ते फार उशिरा शिकवायचे. आधी पळा, मग सरका, मग श्वास. कंटाळून निम्मे पोट्टे शेजारच्या आखाड्यात जायचे.

शेजारचा आखाडा बळीराम वस्तादांचा. वस्तीची शान तीच होती. वस्ताद म्हणजे साधा माणूस नव्हे. लग्न ठरवायला, भांडण मिटवायला लोक त्यांना बोलवायचे. सोळा वर्षांचे असताना डोमाजीही त्या आखाड्यात गेले होते. त्यांची छाती तेव्हा वारंवार भरायची. वस्तादांनी त्यांचं मनगट हातात धरून सगळ्यांसमोर सांगितलं की या हाडात ताकद नाही, याच्या अंगाला आखाड्याची माती लावणं म्हणजे मातीचा अपमान. आणि मुलाच्या कपाळाची माती पुसून त्याला बाहेर काढलं. हे मला डोमाजींनी सांगितलं नव्हतं, सकूवहिनींनी सांगितलं. सांगताना त्या सुताची कांडी भरत होत्या आणि चरखा इतक्या जोरात फिरवला की सूत तुटलं.

एका नागपंचमीला आखाड्यात कुस्त्या झाल्या. मग पंच मंडळी बसली तेव्हा वस्तादांनी विषय काढला की पोरं वाढली, कुस्तीचा हौदा पुरत नाही, पाजणीच्या पटांगणावर दुसरा हौदा खणावा. पंचांना ते पटलंही होतं. डोमाजी उठून म्हणाले की पटांगण खणलं तर माझी पोरं कुठं जातील? लोक हसले. वस्तादही हसले आणि म्हणाले की तो गोऱ्यांचा खेळ, ते गेले, आता खेळही जाऊ दे. डोमाजी बसले नाहीत. तेव्हा वस्ताद चिडले.

"तुझाच खेळ घे डोमा," ते म्हणाले. "तुझेच नियम घे. माझा नथ्थू एक दिवस न शिकता तुझ्यासमोर उभा राहते. तुझ्याकडून शिकवणारा उतरला पाहिजे, चेला नाही. तू पडला तर पटांगण आमचं, अन् ते हातमोजे तलावात."

नथ्थू पहेलवान म्हणजे वस्तीचा हत्ती. बैलगाडी चिखलात रुतली की लोक बैल सोडून नथ्थूला हाक मारायचे. वय पंचविशीचं, मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो ते कळायचं नाही, आणि स्वभावानं इतका गरीब की कुत्र्याच्या पिल्लाला ओलांडून जायचा. डोमाजी चाळिशी ओलांडलेले. पंचांनी विचारलं, आणि तू जिंकलास तर तुला काय पाहिजे?

सगळ्यांना वाटलं, ते पटांगण मागतील. ते तर मागितलंच. मग म्हणाले, "अन् वस्तादांनी त्यांच्या हातानं माझ्या कपायले माती लावावी. पुसलेली."

पंचांनी ते मान्य केलं आणि लढत दिवाळीनंतरची ठरली. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की हा माणूस एवढी वर्षं कुठून कुठे पळत होता.

त्या दिवसापासून दिवाळीनंतरच्या लढतीपर्यंत वस्तीत दुसरा विषय नव्हता. विणकर माग थांबवून वाद घालायचे. ताकद मोठी की डाव मोठा? माझ्या घरात मी आणि माझे मिस्टर यावरून बोलेनासे झालो होतो. ते गिरणीत कारकून, हाडकुळे, अर्थातच डोमाजींच्या बाजूनं. नथ्थूकडे कोणी पाहिलं की प्रश्न मिटायचा. त्याच्या एका ठोशाला डोमाजी उमरेडला जाऊन पडतील असं मीच शाळेत म्हटलं होतं.

एका दुपारी शेजारच्या अंगणातून विचित्र आवाज येऊ लागले. मी भिंतीवरून डोकावले आणि पाहतच राहिले. सकूवहिनींनी लुगडं खोचून हातांत हातमोजे चढवले होते. समोर डोमाजी मुठी धरून आडवे सरकत होते.

"मारू?" त्या म्हणाल्या.

"मार. नथ्थू काय विचारून मारन?"

वहिनींनी मारलं. डोमाजी कांड्यांच्या टोपलीत जाऊन पडले आणि रंगीत सूत अंगणभर झालं. मला वाटलं, आता ही बाई रडेल. तिनं त्यांना दंडाला धरून उभं केलं, बंडी झटकली आणि म्हणाली, पुन्हा या. ते पुन्हा आले. रोज दुपारी हे चालायचं. पहिल्या आठवड्यात ते रोज टोपलीत. मग कधी कधी टोपलीत. आणि दिवाळीच्या सुमाराला असं झालं की वहिनी मारतायत, मारतायत, घामानं निथळतायत आणि डोमाजी जिथे होते तिथे नाहीतच. शेवटी वहिनी जमिनीवर बसल्या आणि धापा टाकत शिव्या देऊ लागल्या. ते मात्र भिंतीशी येऊन मला म्हणाले, "पाहा बाई, माह्यापेक्षा दुप्पट ताकद आहे हिच्यात. पण पाव्हणी निघून गेली."

मी त्यांना त्या दिवशी विचारलंच. भीती नाही वाटत? ते हसले नाहीत. म्हणाले, भीती नथ्थूची नाही. हरलो तर पोरं म्हणतील की मास्तर म्हणत होता ते सारं खोटं होतं, आणि मग माझ्यासारखी हाडं घेऊन जन्मलेला पोट्टा कुठे जाईल? एवढं बोलून ते सूत गोळा करायला लागले.

लढतीचा दिवस उजाडला आणि सकाळीच घोटाळा झाला. आमच्या वस्तीची रीत अशी की लढायला निघालेल्या गड्याला दारादारांत दूध द्यायचं, बदाम घोटून, वेलदोडा टाकून. दूध नाकारणं म्हणजे त्या घराला अपशकुन. आमच्या बायका नथ्थूच्या बाजूच्या असल्या तरी डोमाजीही वस्तीचेच. रीत ती रीत. नथ्थू आधी निघाला, ताशे वाजत होते, तो दारोदार पेला रिकामा करत, तोंड पुसत, आजीबाईंच्या पाया पडत गेला. मागून डोमाजी निघाले. त्यांनी सकाळी ज्वारीच्या थोड्या कण्या खाल्ल्या होत्या आणि त्यावर पाण्याशिवाय काही घेणार नव्हते. पहिल्याच दारात भागीरथी आजी पेला घेऊन उभी. डोमाजींनी हात जोडले. आजीचा चेहरा असा झाला की जणू त्यांनी तिच्या उंबऱ्याला लाथ मारली. पुढच्या दारांतल्या बायका कुजबुजायला लागल्या. डोमाजी तिथेच थबकले. नथ्थूपुढे न डगमगणारा माणूस दुधाच्या पेल्यापुढे रडकुंडीला आला.

तेवढ्यात सकूवहिनी पुढे आल्या आणि त्यांनी आजीच्या हातातून पेला घेतला.

"मी याची अर्धांगी ना वं आजी? बामणानं चारचौघांत सांगितलं होतं. मंग अर्ध्या अंगानं पेलं समज." आणि पेला एका दमात रिकामा केला.

आजी विचारात पडली. मग म्हणाली, हेही खरंच. झालं, वाट मोकळी झाली. पुढच्या प्रत्येक दारात डोमाजी हात जोडायचे आणि वहिनी पेला संपवायच्या. माझ्या दारात आल्या तेव्हा त्यांचे डोळे जड झाले होते. मी हळूच म्हटलं, अर्धाच देऊ का? त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी पेला काठोकाठ भरला.

तलावाशेजारच्या मैदानात चार बांबू रोवून चऱ्हाट बांधलं होतं. पंच म्हणून अजनीच्या रेल्वे कॉलनीतले एक म्हातारे गार्ड आले होते, पीटरसाहेब. कधीकाळी रेल्वेकडून लढलेले. घंटा नव्हती, म्हणून पितळेची परात टांगली होती. बायकांनी जायचं की नाही यावर घरोघर भांडणं झाली आणि सगळ्या बायका गेल्या. आम्ही एका बैलगाडीवर चढून बसलो. वहिनी मात्र खाली, चऱ्हाटाला धरून उभ्या.

परात वाजली. नथ्थू पुढे आला आणि त्यानं हात फिरवला. तो ठोसा लागला असता तर हे लिहायला काही उरलं नसतं. डोमाजी आडवे सरकले. दुसरा ठोसा, पुन्हा सरकले. लोक ओरडायला लागले की हा लढतोय की पाजणी करतोय? खरंच, पाय तेच होते. मधूनच डोमाजी पुढे यायचे, नथ्थूच्या पोटावर टप् करून मारायचे आणि दूर. त्या ठोशानं माशीही मेली नसती. एकदा मात्र नथ्थूचा हात त्यांच्या खांद्याला नुसता घासला आणि ते चऱ्हाटावर जाऊन आपटले. ओठ फुटला. बैलगाडीवर मी ताकदीच्या पक्षाची बाई उभी राहिले आणि माझ्या तोंडून निघालं, सरका हो मास्तर! माझ्या सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बसले नाही.

दुसऱ्या फेरीत गंमत झाली. ठोसे हवेत जाऊन जाऊन नथ्थू वैतागला आणि त्याचे हात त्याला जे येत होतं ते करून बसले. त्यानं डोमाजींच्या कमरेला मिठी घातली आणि त्यांना सरळ डोक्यावर उचललं. मैदान पेटलं. ताशे सुरू झाले, टोप्या उडाल्या, वस्तादांचे चेले हार घेऊन आत घुसले. कुस्ती पाहणाऱ्या लोकांना एवढंच ठाऊक, उचलला म्हणजे संपलं. कोणी नथ्थूच्या गळ्यात हारही घातला. आणि वर, सगळ्यांच्या डोक्यावर आडवे पडलेले डोमाजी तोंड मिटून शांतपणे नाकानं श्वास घेत होते. त्यांना तेवढी विश्रांती मिळाली.

"नीचे रखो, पहेलवान," पीटरसाहेब ओरडत होते. "यह कुश्ती नहीं है!" नथ्थू एवढा शरमला की त्यानं डोमाजींना झोपलेल्या मुलासारखं अलगद खाली ठेवलं आणि हात जोडले. चेल्यांना बाहेर काढलं, हार काढला, पुन्हा परात वाजली. पण त्या उचलण्यात नथ्थूचं काहीतरी सांडलं होतं. त्याचं तोंड उघडं पडलं होतं, आणि पोटात अर्ध्या वस्तीचं दूध.

तिसऱ्या फेरीला नथ्थूचे हात छातीपर्यंतच येत होते. डोमाजी त्याच चालीनं सरकत होते, ज्या चालीनं ते बर्डीवरून सदरला जायचे. आता ते टप्‌टप् मारत होते, पोटावर, बरगडीवर, पुन्हा पोटावर; एकही ठोसा जोराचा नाही, पण थांबणं नाही. नथ्थूनं शेवटचा मोठा हात फिरवला. समोर कोणी नव्हतं. स्वतःच्याच झोक्यानं तो गोल फिरला आणि मैदानात बसला. मांडी घालून, जेवायला बसल्यासारखा. पीटरसाहेब आकडे मोजायला लागले.

"उठतो ना," नथ्थू म्हणत होता, "पण श्वासच येऊन नाही राहिला."

आणि आमचे मास्तर, जिंकण्याच्या आत, त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "तोंड मीट. नाकानं घे, नथ्थू. हळू. नाकानं."

आकडे संपले. मग जो आवाज उठला तो मी नंतर कधी ऐकला नाही. डोमाजींचे चेले चऱ्हाट तोडून आत आले. भागीरथी आजी सगळ्यांना सांगत सुटली की माझं दूध प्यालं होतं त्यानं. गाडीवर मी आणि सासूबाई एकमेकींना मिठी मारून रडत होतो, आणि दोघी नथ्थूच्या बाजूच्या!

बळीराम वस्ताद मात्र जागचे उठले नव्हते. डोमाजीही त्यांच्याकडे गेले नाहीत. ओठाचं रक्त पुसत उभे राहिले. मग म्हातारा उठला. लोकांनी वाट दिली. तो आखाड्यात गेला आणि मुठीत माती घेऊन आला. लाल, तेल-ताक घातलेली, त्याच्या बापाच्या वेळेपासूनची. त्यानं डोमाजींच्या कपाळाला अंगठ्यानं माती लावली, मग दोन्ही गालांना, मग छातीला. मग त्यांचं मनगट धरलं, तेच, आणि बराच वेळ धरून ठेवलं.

"मी हाड पाह्यलं होतं डोमा," तो म्हणाला. "आतलं नाही पाह्यलं."

इतका वेळ न दमलेले डोमाजी तिथे दमले. खाली पडायच्या आत सकूवहिनींनी त्यांना धरलं, पाठीवर घेतलं आणि एवढं दूध पोटात घेऊन त्या मैदानापासून घरापर्यंत चालत आल्या. ताशे पुढे, वस्ती मागे. पाठीवर मातीनं माखलेले मास्तर, आणि वाटेत भेटेल त्याला वहिनी सांगतायत, "माह्या नवऱ्याचा दम पाहा." तेव्हा माझा आणि मिस्टरांचा वादही मिटला. ताकद की दम, हे विचारणाऱ्यांनी दोघांचं लग्न लावून द्यावं, असं आमचं ठरलं.

पटांगण राहिलं. पुढे नागपूरची राजधानी गेली, डोमाजींच्या कचेरीतले निम्मे लोक बदलीवर गेले, पण ते नागपूर सोडून हलले नाहीत. माझी बदली मात्र उमरेडच्या शाळेत झाली आणि एका सकाळी मी सामान घेऊन प्रवासी मोटारीत बसले. निरोप घ्यायला गेले तेव्हा डोमाजी घरी नव्हते. चुकामूक झाली म्हणून माझा जीव खट्टू झाला होता.

गाव मागे पडलं. थोडं पुढे गेल्यावर रस्त्याच्या कडेनं माणसं पळताना दिसली. पुढे एक काडीसारखा माणूस, केस पिकलेले, अर्धी चड्डी तीच. त्याच्या मागे पाच-दहा पोट्टे आणि सगळ्यांच्या मागे, घाम गाळत, तोंड घट्ट मिटून, नथ्थू पहेलवान. मी खिडकीतून हात हलवला, पण मोटार पुढे निघून गेली. जरा पुढे चढावर मोटारीनं धूर सोडला आणि बसली. ड्रायव्हर उतरला, झाकण उघडलं, वाफेचा लोट आला, तो पाणी शोधायला लागला. आम्ही तिथेच अडकून पडलो. तेवढ्यात ती सगळी मंडळी मागून आली आणि आम्हाला ओलांडून पुढे जाऊ लागली. डोमाजींना मी दिसले. त्यांनी थांबून वगैरे काही निरोप घेतला नाही, थांबणं त्यांच्या धर्मात नव्हतं. त्यांनी फक्त वाफ सोडणाऱ्या मोटारीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, नाकावर बोट ठेवलं आणि हसत हसत चढ चढून गेले.

माझ्या शेजारी बसलेली म्हातारी घाबरून खिडकीतून वाकून पाहत होती.

"कोण मेलं वं बाई?" तिनं विचारलं.

"कोणी नाही मेलं आजी," मी म्हटलं. "आमचे मास्तर होत ते. जिवंत आहेत, म्हणून पळून राहिले."